"बघत राहिले म्हणून तो वाचला"

"हल्ल्याची बातमी आली की टीव्हीसमोरून उठवत नाही, आणि बघितलं की झोप लागत नाही. काय करू?" सोलापुरात समुपदेशन करताना ही तक्रार मी फार वेळा ऐकते. त्यातल्या एका अक्कांची ही गोष्ट, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून.

अक्का शहराच्या पूर्व भागातल्या. घरातच टॉवेलचे लूम. 22 एप्रिल 2025 ला पहलगामला हल्ला झाला, तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ बायकामुलांना घेऊन श्रीनगरला गेलेला. फोन लागेना. टीव्हीवर मृतांचा आकडा सारखा बदलत होता. मोबाइलवर आलेल्या एका यादीत भावाचंच आडनाव होतं. रात्री साडेदहाला त्याचा फोन आला, सगळे सुखरूप होते.

तरी टीव्ही चालूच राहिला. काश्मीरमध्ये नाचणाऱ्या एका जोडप्याचा व्हिडिओ, मारल्या गेलेल्या नौदल अधिकाऱ्याचे अखेरचे क्षण म्हणून चॅनेलांनी दाखवला. अक्का त्या पोरीसाठी रडल्या. ते जोडपं दुसरंच होतं. आम्ही जिवंत आहोत, हे त्यांनाच सांगावं लागलं. 8 मेच्या रात्री कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या खोट्या बातम्या चालल्या, तेव्हा अक्कांनी घरादाराला उठवून ज्वारी पोत्यांत भरायला लावली. मग मुलगी त्यांना माझ्याकडे घेऊन आली.

"मला वेड लागलंय का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. नाही, अक्का. 2013 च्या बोस्टन स्फोटांनंतर अमेरिकेत एक अभ्यास झाला. स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही, नंतरचा आठवडाभर रोज सहा तास किंवा जास्त त्याच बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताण अधिक दिसला.

मी आधी सांगितलं, टीव्ही बंद ठेवा. ती माझी घाई होती. त्यांची धडधड वाढली. तिसऱ्या भेटीत त्या हळूच बोलल्या, "त्या रात्री मी बघत राहिले म्हणून तो वाचला." गाठ इथे होती. बघणं हा त्यांचा पहारा होता. तो सोडा म्हणणं म्हणजे भावाला सोडा म्हणणं.

मग पहारा तसाच ठेवला, फक्त त्याची रीत बदलली. एक वही. सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं बातम्या, आणि प्रत्येक बातमीपुढे लिहायचं: हे कुणी सांगितलं? पोलिसांनी, जिल्हाधिकाऱ्यांनी, की नुसत्या "सूत्रांनी"? सांगणाऱ्याचं नाव नसेल तर लिहायचं, "माहीत नाही." हे दोन शब्द लिहिताना सुरुवातीला त्यांचा हात थरथरायचा. हल्ल्यानंतरच्या पहिल्या तासांत खरं उत्तर बहुतेक वेळा तेवढंच असतं. चॅनेलांना ते म्हणवत नाही, याचा मला मनापासून राग येतो, कारण त्याची किंमत अक्कांसारखी माणसं मोजतात.

10 नोव्हेंबरला दिल्लीत लाल किल्ल्याजवळ स्फोट झाला. पुढच्या भेटीला अक्कांनी वही उघडून दाखवली: "साडेसात. स्फोट झाला, नक्की. किती गेले, माहीत नाही. कुणी केला, माहीत नाही. भावाला फोन केला, घरी आहे. टीव्ही बंद." खाली दुसऱ्या शाईत: "सकाळी सातला जाग आली."