गजराने अडवलेला पाम

प्रश्न : मी विमा एजंट आहे. ग्राहकांच्या हप्त्यांच्या तारखा सगळ्या पाम ऑर्गनायझरमध्ये (तळहातावर मावणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये) आहेत. गजराचा एक फुकट प्रोग्राम टाकला आणि तेव्हापासून ‘फेटल एक्सेप्शन’ ही यंत्र अडकल्याची सूचना येतेय. रिसेट केला की पुन्हा तेच. सगळं पुसावं लागेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, अजिबात पुसू नका! रिसेटनंतर पाम प्रत्येक प्रोग्रामला ‘मी सुरू झालो’ असा निरोप धाडतो. तुमचा गजरवाला बहुधा तो निरोप मिळताच कोसळतोय. वर सरकण्याचं स्क्रोल बटण दाबून धरा आणि उलगडलेल्या पेपरक्लिपचं टोक मागच्या बारीक छिद्रात हलकेच दाबा. सुई नको, आतलं बटण दुखावतं. अशा रिसेटमध्ये निरोप जात नाही. मग मेनूतल्या ‘डिलीट’ने तो प्रोग्राम काढा आणि एकदा साधा रिसेट द्या.

पॉवर बटण धरून रिसेट, म्हणजे ‘हार्ड रिसेट’, मात्र करू नका, सगळी माहिती जाते. घाईत मी तेच केलं होतं. दोनशे पत्ते गेले, अजून हळहळ वाटते. आणि कॉम्प्युटरवरच्या ‘बॅकअप’ फोल्डरमधूनही तो प्रोग्राम काढा, नाहीतर पुढे कधी हार्ड रिसेट झालाच, तर हॉटसिंक (पाम आणि कॉम्प्युटरमधली माहिती जुळवणारी सोय) त्याला परत आणून बसवेल.