कॅमेरा आणि कोपी

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात लग्नांचे फोटो काढतो. ऊसतोड मजुरांवर दीर्घकाळ काम करायचे आहे. सुरुवात कशी करू? फोटोंवर हक्क कुणाचा? – एक वाचक

उत्तर : थेट फडापासून, म्हणजे ऊसतोड चालू असलेल्या शेतापासून, सुरुवात करू नका. दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल (आगाऊ रक्कम) घेऊन कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोड्या, निघतात, त्याआधी गावात जा. मुकादमाखेरीज कुटुंबाशीही बोला. एकच टोळी धरा आणि तिचा पूर्ण हंगाम टिपा : गाडी भरणे, कोपी (मजुरांची झोपडी), पहाटेची तोड, परतल्यावरचा हिशेब. बहुतेक छायाचित्रकारांचे काम फडातच अडकते आणि सगळे फोटो एकसारखे होतात. पुढच्या भेटीत छापील फोटो हातात द्या. तेवढे तुम्ही त्यांचे देणे लागता.

३५ मिमीची एकच लेन्स पुरते. फडात लेन्स बदलली की पाचटाची धूळ सेन्सरवर बसते. रोज संध्याकाळी एफ/१६ वर (लेन्सचे छिद्र बारीक करून) मोकळ्या आभाळाचा फोटो काढून डाग तपासा. रॉ (कॅमेऱ्यातल्या मूळ) फाइलींच्या तीन प्रती ठेवा, एक दुसऱ्या घरी. नाव, गाव, तारीख त्याच रात्री फाइलच्या माहितीत भरा.

स्वतःहून काढलेल्या फोटोचा हक्क तुमचाच. मात्र १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो. म्हणून संस्थेचे काम घेताना वापर कुठे, किती काळ, हे आधी लिहून घ्या. पहिली काही वर्षे लग्नांचे काम सोडू नका. लग्नसराईच्या तारखा मात्र मोजक्याच घ्या.