कोलकात्याला निघालेल्या दोघांसाठी

नौपाडा, ठाणे

प्रिय,

सप्रेम आशीर्वाद.

तुम्हा दोघांचा कोलकात्याला जाण्याचा बेत पक्का झाला आणि पाच दिवसांचा आराखडा तू मला पाहण्यासाठी पाठवलास, याचा मनापासून आनंद झाला. लग्नानंतरच्या पहिल्या मोठ्या सहलीसाठी बहुतेक मंडळी डोंगर किंवा समुद्र निवडतात. तुम्ही एक जुने, गजबजलेले शहर निवडलेत. नोकरीच्या निमित्ताने मी त्या शहरात राहिलो आहे आणि ते मला फार प्रिय आहे, म्हणून हे पत्र थोडे लांबेल.

आराखडा लक्षपूर्वक वाचला. सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत तासातासाची आखणी, प्रत्येक ठिकाणापुढे अंतर आणि तिकिटाचा दर, सगळे काटेकोर आहे. मात्र तुझ्या पत्नीला काय पाहायचे आहे, हे त्यातून मला कुठेच कळले नाही. तिला विचारले तेव्हा ती ‘तू ठरवशील ते’ म्हणाली, असे तू फोनवर सांगितलेस. लग्नाच्या पहिल्या वर्षात असे उत्तर पुष्कळ जण देतात आणि ते होकार समजून पुढे जाणे सोयीचेही असते. पण चौथ्या दिवशी दुपारी, पाय दुखत असताना आणि यादीतली आणखी चार ठिकाणे बाकी असताना, त्या होकारात काय काय बोलायचे राहून गेले होते ते बाहेर येते. ती चित्रकलेची शिक्षिका आहे आणि तुझ्या आराखड्यात इंडियन म्युझियमला पाऊण तास आहे. व्हिक्टोरिया मेमोरियलपुढे तर तू नुसते ‘फोटो’ एवढेच लिहिले आहेस.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की यादी निम्मी कर, आणि ती निम्मी करताना तिला शेजारी बसवून घे. ‘तुला काय पाहायचे आहे?’ असे मोघम विचारू नकोस, कारण न पाहिलेल्या शहराबद्दल या प्रश्नाला कोणालाच नीट उत्तर देता येत नाही. ‘यातले काय गाळले तर तुला चुकचुकल्यासारखे वाटेल?’ असे विचार, आणि तू स्वतःही त्याच प्रश्नाचे खरे उत्तर दे. दोघांची मिळून जी सहा-सात नावे उरतील, तीच सहल. बाकीची वाटेत आली तर पाहावीत, नाही आली तर सोडून द्यावीत.

आता शहराविषयी. तू डिसेंबर निवडलास ते योग्यच आहे, पण एक गोष्ट तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. घड्याळ सगळ्या देशाचे एकच असले तरी कोलकाता आपल्यापेक्षा बरेच पूर्वेला असल्यामुळे तिथे सूर्य ठाण्यापेक्षा सुमारे तासभर आधी उगवतो आणि तासभर आधीच मावळतो. डिसेंबरात सहाच्या थोडे पुढे उजाडते आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास अंधार पडू लागतो. तू साडेपाचला ठेवलेले नदीकाठचे ‘सूर्यास्त दर्शन’ त्यामुळे होणारच नाही. दिवस पहाटे सुरू करा, दुपारी जेवून खोलीवर दोन तास आडवे व्हा आणि संध्याकाळ मोकळी ठेवा. घणसोलीहून रोज साडेसातची लोकल पकडणाऱ्या तुम्हा दोघांना लवकर उठणे जड जाऊ नये. दुपारच्या विश्रांतीला मात्र तू वेळेचा अपव्यय म्हणशील, याची मला कल्पना आहे. तरीही ती पाळ. परक्या शहरात दोघांत होणारी भांडणे बहुधा दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान होतात, आणि त्यांचे मूळ भूक, ऊन किंवा झोप यांपैकी एकात सापडते.

पहिल्या सकाळी हावडा पुलाखालच्या मल्लिक घाटावर जा. फुलांचा तो घाऊक बाजार उजाडण्यापूर्वीच भरतो; झेंडूच्या माळांची जाडजूड वेटोळी डोक्यावर घेऊन हमाल चिखलातून धावत असतात, त्यांना वाट द्यायची आणि कडेने चालायचे. पूल 1943 मध्ये वाहतुकीला खुला झाला. नदीच्या पात्रात एकही खांब न घेता त्याचा मधला गाळा सुमारे 457 मीटर पसरला आहे, आणि सगळा पोलादी सांगाडा नट-बोल्टांऐवजी रिव्हेट ठोकून जोडलेला आहे. पायी पुलावरून पलीकडे जा आणि हावड्याच्या जेट्टीवरून बागबाजारकडे जाणारी लाँच पकडा. काही रुपयांच्या तिकिटात उत्तर कोलकात्याचे सगळे घाट डोळ्यांपुढून जातात, त्यासाठी वेगळी ‘रिव्हर क्रूझ’ ठरवण्याची गरज नाही.

वाटेत शोभाबाजारला उतरून कुमारटुलीत, म्हणजे मूर्तिकारांच्या वस्तीत शिरा. तुझ्या आराखड्यात हे नाव नाही, आणि तुझ्या पत्नीसाठी मी एकच ठिकाण सुचवायचे ठरवले तर ते हेच असेल. पेणच्या कारखान्यांत साच्यातून निघणारे गणपती तुम्ही पाहिले असतील; इथली पद्धत निराळी आहे. बांबूच्या चौकटीवर पेंढा सुतळीने करकचून आवळून आधी देवीचे धड, मांड्या, दंड असा सगळा देह उभा करतात, आणि त्या अवस्थेत त्या अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंनी बिनडोक्याच्या, गवती आकृत्या दाटीवाटीने उभ्या असतात. त्यावर तूस मिसळलेल्या जाड मातीचा थर चढतो. तो वाळला की नदीच्या बारीक मातीचा थर देतात, आणि सांध्यांवर भेगा पडू नयेत म्हणून चिखलात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या चिकटवतात. डोके आणि बोटे वेगळी करून मग बसवतात. तुम्ही जाल तेव्हा दुर्गापूजा होऊन गेलेली असेल, पण वसंत पंचमीच्या सरस्वतीचे काम सुरू झालेले असते, त्यामुळे एकाच गल्लीत पेंढ्यापासून रंगापर्यंतच्या बहुतेक पायऱ्या पाहायला मिळतील. कारागिरांना विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका. तुझ्या पत्नीला वही घेऊन एखाद्या पायरीवर बसावेसे वाटले तर तिला बसू दे, आणि तू चहा पीत थांब. त्या वेळी घड्याळाकडे पाहू नकोस एवढी माझी विनंती आहे.

तिथून बागबाजार चालत जाण्याजोगे आहे. त्या भागात ‘मराठा डिच’ असे नाव असलेली एक गल्ली आहे आणि मराठी माणसाने तिथे जरूर थांबावे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालवर चालून आल्या, तेव्हा त्यांच्या भीतीने 1742 मध्ये कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला होता. तो पुरा झाला नाही आणि पुढे बुजवून त्या रेषेवर रस्ता झाला. त्या स्वाऱ्यांमध्ये बंगालच्या खेड्यापाड्यांची जी लूट आणि जाळपोळ झाली, ती तिथल्या लोकांच्या स्मरणात आजही आहे. बाळाला निजवताना म्हणायच्या अंगाईतसुद्धा ‘बोर्गी’ येतात ते आपलेच बारगीर. शाळेत आपण हा इतिहास चौथाईच्या बाजूने शिकतो. तिथे कोणाशी बोलताना त्यांची बाजू आधी ऐकून घे.

उत्तरेतलेच आणखी एक ठिकाण म्हणजे जोडासाँकोची ठाकुरबाडी, टागोर घराण्याचा वाडा. रवींद्रनाथांचा 1861 मधला जन्म आणि 1941 मधला मृत्यू, दोन्ही याच वास्तूत झाले. अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ हे चित्रकारही याच कुटुंबातले, त्यामुळे ही जागा तिच्याही आवडीची ठरावी. जाता जाता सांगतो, 1878 मध्ये विलायतेला जाण्यापूर्वी तरुण रवींद्रनाथ मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी राहिले होते, म्हणजे त्या घराशी आपले नाते जुने आहे.

आता आराखड्यातल्या दोन चुका. म्युझियम, व्हिक्टोरिया आणि ठाकुरबाडी तू सोमवारी ठेवली आहेस, आणि सोमवारी ही तिन्ही संग्रहालये बंद असतात. दक्षिणेश्वर दुपारी एक वाजता ठेवले आहेस. मंदिर दुपारी बंद असते, आणि बेलूर मठही. सोमवार दक्षिणेश्वरासाठी घे. मेट्रो आता थेट दक्षिणेश्वरापर्यंत जाते, तेव्हा सकाळी लवकर पोहोचा. राणी रासमणींनी 1855 मध्ये बांधलेले नऊ शिखरांचे कालीमंदिर आणि घाटाकडची ओळीने उभी असलेली बारा शिवमंदिरे शांतपणे पाहा, आणि तिथूनच होडीने बेलूरला जा. हा जलमार्ग चुकवू नका. राणी त्या काळी कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातीतल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या मंदिरात पूजा करायला पुरोहित मिळणे कठीण झाले होते, हे ठाऊक असले की ते अंगण वेगळ्या नजरेने पाहिले जाते.

म्युझियमला पाऊण तास नव्हे, अर्धा दिवस दे. 1814 मध्ये स्थापन झालेले हे देशातले सर्वांत जुने संग्रहालय आहे. सगळी दालने पाहण्याचा हट्ट धरलात तर काहीच लक्षात राहणार नाही, म्हणून भरहुतच्या स्तूपाचा तांबूस दगडी कठडा ज्या दालनात उभा केला आहे तिथे सरळ जा. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातल्या त्या कठड्यावर जातककथा कोरल्या आहेत, आणि पुष्कळ चित्रांशेजारी ब्राह्मी लिपीत त्या प्रसंगाचे नावही कोरले आहे. एका गोल चौकटीत अख्खी गोष्ट बसवण्याची ती युक्ती तुझ्या पत्नीने मुलांना शिकवावी अशी आहे. व्हिक्टोरिया मेमोरियल बाहेरून मकराण्याच्या संगमरवराचे आणि देखणे आहे, तुझे फोटो उत्तम येतील. पण आत थॉमस आणि विल्यम डॅनियल यांनी रंगवलेली अठराव्या शतकाच्या अखेरच्या हिंदुस्थानची चित्रे आहेत. तिला ती पाहायची असतील आणि तुला कंटाळा आला असेल, तर तू बागेत बस. पाच दिवसांतले दोन-तीन तास एकमेकांपासून दूर घालवले तर सहलीतले काही उणे होत नाही. तुला कॉलेज स्ट्रीटवरची जुनी पुस्तके चाळायची आहेत, तिथेही हाच नियम लाव. तिला दोन दुकानांनंतर कंटाळा आला तर कॉफी हाउसमध्ये बसवून ये. मात्र रविवारी तिथली बरीचशी दुकाने बंद असतात, तेवढे सांभाळ.

खाण्याच्या बाबतीत यादी करूच नकोस. सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात कचोरी आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी फुचका म्हणजे तिथली पाणीपुरी, आणि डिसेंबर असल्यामुळे नोलेन गुड म्हणजे खजुराच्या ताज्या गुळाची ‘संदेश’ ही छेन्याची मिठाई, हे रोज खाल्ले तरी चालेल. तो गूळ फक्त थंडीत मिळतो. तुझी पत्नी मासे खात नाही, त्यामुळे बंगाली खानावळीत शिरताना आधी विचारा; शुक्तो (कडसर मिश्र भाजी), छोलार डाल (हरभऱ्याची डाळ), लुची (मैद्याची पुरी), पोश्तो म्हणजे खसखस घातलेली भाजी असे पुष्कळ प्रकार तिला मिळतील. मोहरीच्या तेलाचा वास पहिल्या दिवशी नकोसा वाटतो, दुसऱ्या दिवसापासून सवय होते.

राहण्यासाठी एस्प्लनेड ते पार्क स्ट्रीट हा पट्टा सर्वांत सोयीचा आहे, कारण मेट्रो हाताशी राहते. दक्षिणेकडे हाजरा रोडवर ‘महाराष्ट्र निवास’ ही तिथल्या मराठी मंडळींची जुनी वास्तू आहे. खोली मिळते का, याची चौकशी करून पाहा. कालीघाटला गेलात तर वाटेतच गाठणाऱ्या पंड्यांना नम्रपणे नकार देऊन रांगेत उभे राहा. ट्राम 1873 पासूनची आहे पण आता फारच थोडी उरली आहे, तेव्हा कोणत्या मार्गावर चालू आहे हे तिथेच विचारा आणि चालू असेल तर काही थांबे तरी बसा.

तारखांबद्दल शेवटचे. नाताळचा आठवडा टाळा. पार्क स्ट्रीट आणि व्हिक्टोरियाच्या आसपास त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. जानेवारीच्या मध्यावर गंगासागरच्या यात्रेकरूंचा तळ बाबूघाटाजवळ पडतो, म्हणून डिसेंबरचा पहिला पंधरवडा मला उत्तम वाटतो. जाताना गीतांजली एक्सप्रेसने जा. ती सकाळी लवकर कल्याणला येते आणि नागपूरमार्गे दुसऱ्या दिवशी दुपारी हावड्याला पोहोचवते. दोघांनी मिळून सव्वा दिवस खिडकीशी बसण्याचा योग पुन्हा लवकर येत नाही. परतताना विमानाने या, म्हणजे सोमवारी कामावर जाण्यापूर्वी एक दिवस घरी मिळेल. रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी खुले होते, तो दिवस दिनदर्शिकेवर आजच खूण करून ठेव. हावड्याला उतरल्यावर सामान फार नसेल तर टॅक्सीच्या रांगेत न थांबता स्थानकातूनच मेट्रो घ्या. 2024 मध्ये सुरू झालेला हा मार्ग हुगळीच्या पात्राखालून जातो आणि थोड्याच मिनिटांत एस्प्लनेडला पोहोचवतो.

नवी यादी झाली की मला पाठव, आणि या वेळी त्यातली कोणती नावे तिची आहेत तेही लिही. तिलाही माझे आशीर्वाद सांग.

तुझा,
काका