वेगळ्या कपाचा प्रसंग

तुझी पटकथा काल एका बैठकीत वाचून काढली. विषय तळमळीनं निवडला आहेस. पण मध्यंतरानंतर वकील जातीवर सलग दीड पान बोलतो, तिथे पात्र संपतं आणि तू बोलायला लागतोस. ते दीड पान काढ.

त्याऐवजी स्वयंपाकघरात जा. खिडकीच्या कोपऱ्यात मोलकरणीचा वेगळा कप, कान तुटलेला. नवी सून नकळत त्यातच सासऱ्यांना चहा देते. ते दोन घोट घेतात, ‘आज चहा फक्कड झालाय’ म्हणतात आणि मग बोटाला तुटका कान लागतो. आता कॅमेरा सासूबाईंवर ठेव. थिएटर हसेल आणि हसता हसता गप्प होईल. त्या शांततेत एकही संवाद घालू नकोस.

सासऱ्यांना खलनायक मात्र करू नकोस, नातवावर जीव टाकणारा माणूसच राहू दे. त्रास तिथेच होतो.

वर्णाचा, म्हणजे गोऱ्या-काळ्याचा विषय हवा असेल तर तो आपल्या इंदूरमध्येच आहे. गादी सोडलेल्या तुकोजीराव होळकरांनी १९२८ साली नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केलं. आधी ती हिंदू झाली, शर्मिष्ठादेवी झाली. वर्ण, धर्म, जात, सगळं एकाच मांडवात! मी लिहिलं असतं तर तिला नऊवारी नेसवणाऱ्या बाईपासून सुरुवात केली असती.

आणि आपली हिंदीमिश्रित इंदुरी मराठी पुणेरी करू नकोस. रविवारी ये, कपाचा प्रसंग मोठ्यानं वाचून दाखव.