गाडीच्या स्पीकरवर ३०० वॉट आणि अ‍ॅम्पवर ५० वॉट लिहिलंय; ही जोडी चालेल का?

तुम्ही दिलेले आकडे असे: स्पीकरवर ३०० वॉट कमाल, ६० वॉट आरएमएस, ४ ओहम, ९० डेसिबल. अ‍ॅम्पवर, म्हणजे आवाजाची ताकद वाढवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरवर, ५० वॉट आरएमएस गुणिले ४ (चार चॅनेल, प्रत्येकाला ५०). डॅशबोर्डमधल्या स्टिरिओवरही ५० वॉट गुणिले ४. तुमचे प्रश्न तीन: ५० वॉटचा अ‍ॅम्प ३०० वॉटच्या स्पीकरला पुरेल का, स्टिरिओवर ५० आहेतच तर अ‍ॅम्प कशाला, आणि गेन कुठे ठेवायचा.

ही जोडी चालेल, छान चालेल. ३०० हा आकडा डोक्यातून काढून टाका. स्पीकर एखादा क्षण जेवढा झटका सोसू शकेल तेवढा तो असतो, आणि कंपन्या तो सर्वांत मोठ्या अक्षरात छापतात. कामाचा आकडा आरएमएस, म्हणजे स्पीकर सतत झेलू शकेल किंवा अ‍ॅम्प सतत देऊ शकेल अशी ताकद. ६० झेलणाऱ्याला ५० देणारा मिळालाय, यापेक्षा जास्त शोधत बसू नका.

आता स्टिरिओवरचे ५०. हे गणित प्रत्येकाने एकदा तरी स्वतः करून पाहावं असं मला मनापासून वाटतं, कारण त्यानंतर खोक्यावरचे मोठे आकडे फसवू शकत नाहीत. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. साध्या स्टिरिओत हे व्होल्टेज वाढवणारी सोय नसते, त्यामुळे आवाजाच्या लहरीचं टोक १४.४ च्या वर जाऊच शकत नाही. टोक १४.४ असलेल्या स्वच्छ साइन लहरीचं आरएमएस व्होल्टेज (टोक भागिले १.४१) होतं १०.२. त्याचा वर्ग करून ४ ओहमने भागा: २६ वॉट. आतला तोटा वजा केला की हातात उरतात १८ ते २२. मग ५० आले कुठून? तीच लहर ताणून पूर्ण चौकोनी केली, तर १४.४ चा वर्ग भागिले ४, म्हणजे जवळजवळ ५२ वॉट. आकडा खोटा नाही, पण त्या अवस्थेत गाणं ऐकवत नाही. अ‍ॅम्पमध्ये मात्र व्होल्टेज वाढवणारा वेगळा पॉवर सप्लाय असतो, म्हणून तो खरे ५० देऊ शकतो. अ‍ॅम्पच्या माहितीत सीईए-२००६ हे मानक लिहिलेलं असेल, तर ताकद १४.४ व्होल्टवर, ४ ओहमच्या भारावर आणि १ टक्क्यापेक्षा जास्त विकृती न येऊ देता मोजली आहे असं समजा. मी अ‍ॅम्प निवडताना आधी तेच शोधतो.

आवाज किती वाढेल? ९० डेसिबल ही सेन्सिटिव्हिटी: १ वॉट दिला तर १ मीटरवर एवढा आवाज. ताकद दुप्पट केली की फक्त ३ डेसिबल वाढतात. २० वरून ५० वॉटवर गेलात तर वाढ ४ डेसिबलची. जाणवेल, पण दुप्पट मोठं वाटणार नाही. खरा फायदा हा, की आवाज चढवल्यावर तो फाटणार नाही. सेन्सिटिव्हिटी बघताना एक काळजी घ्या: काही ठिकाणी ती २.८३ व्होल्टवर मोजलेली असते. ४ ओहमवर तेवढे व्होल्ट म्हणजे २ वॉट, त्यामुळे आकडा ३ डेसिबलने फुगलेला दिसतो.

ओहम म्हणजे अ‍ॅम्पला स्पीकर किती अडवतो ते. ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर २ ओहम, एकामागे एक जोडले तर ८. ओहम कमी झाले की अ‍ॅम्पमधून करंट जास्त जातो आणि तो तापतो. पुढे सबवूफर (खोल बासचा मोठा स्पीकर) घेऊन दोन चॅनेल ब्रिज करणार असाल, म्हणजे दोन्हींची ताकद त्या एकाच स्पीकरला देणार असाल, तर मॅन्युअलमध्ये ब्रिजसाठीची किमान मर्यादा वेगळी पाहा. चार चॅनेलच्या बहुतेक अ‍ॅम्पमध्ये ती ४ ओहम असते. तिथे २ ओहमचा सबवूफर लावला तर अ‍ॅम्प प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडू शकतो.

गेनला आवाजाचं बटण समजू नका. स्टिरिओकडून येणारा सिग्नल आणि अ‍ॅम्पची पूर्ण ताकद यांचा मेळ बसवणं एवढंच त्याचं काम. गेन जास्त झाला की लहरीची टोकं कापली जातात, तेच क्लिपिंग. कापलेली लहर सरासरी जास्त ताकद ओतते आणि स्पीकरमधली तारेची गुंडाळी, म्हणजे व्हॉइस कॉइल, तापून जळते. घरी मल्टिमीटर असेल तर बास बूस्ट बंद ठेवा, स्पीकर काढा, स्टिरिओ तीन चतुर्थांश आवाजावर ठेवून १००० हर्ट्झचा शून्य डेसिबलचा (म्हणजे रेकॉर्डिंगच्या कमाल पातळीचा) टोन वाजवा. ५० वॉट गुणिले ४ ओहम म्हणजे २००, त्याचं वर्गमूळ १४.१. मीटर एसीवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर १४.१ व्होल्ट दिसेपर्यंत गेन हळूहळू वाढवा आणि तिथेच सोडा.

हाय-पास फिल्टर (खालचे सूर अडवणारी सोय) ८० हर्ट्झवर ठेवा, म्हणजे छोट्या स्पीकरवर खोल बासचा ताण येणार नाही. स्पीकर कोअ‍ॅक्सियल की कंपोनंट यात सध्या अडकू नका. पहिल्यात ट्वीटर (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) वूफरच्या (जाड सुरांच्या स्पीकरच्या) मधोमध बसवलेला असतो, दुसऱ्यात वेगळा लावता येतो.

अ‍ॅम्प बसवताना पॉवरच्या वायरला बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवाच. अ‍ॅम्पमधला फ्यूज वायर वाचवत नाही. बॅटरीपासून अ‍ॅम्पपर्यंतची वायर कुठे पत्र्याला घासून उघडी पडली, तर आग थांबवणारा तो बॅटरीजवळचा फ्यूजच.