होडी कुणाची, एवढंच विचारू नकोस

प्रिय,

छोट्या होड्यांवर मासेमारी करणाऱ्या घरांतून तू भरून घेतलेली प्रश्नावली वाचली. होडी आहे का, जाळी आहे का, इंजिन आहे का. आणि बायकांच्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे 'नाही'. म्हणजे यांच्याकडे भांडवलच नाही, असा तू अर्थ काढलास. इथे माझं तुझ्याशी पटत नाही.

होडीत डिझेल कुणाच्या पैशानं पडतं, हे विचारलंस का? पुष्कळ ठिकाणी मासे विकणारीच होडीवाल्याला आगाऊ रक्कम देते आणि त्या बदल्यात आलेल्या मालावर पहिला हक्क सांगते. होडी नवऱ्याची असेल तर त्या पैशाला कुणी उसने म्हणतही नाही. इंजिनासाठी दागिने तिचे मोडतात, परवाना त्याच्या नावावर निघतो. मग बँक तिच्याकडे तारण मागते.

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, ड्यूक विद्यापीठ आणि वर्ल्डफिश ही संशोधन संस्था यांच्या २०२३च्या अहवालानुसार, घरापुरती मासेमारी धरून, जगभरच्या लहान प्रमाणावरच्या मासेमारीत दर १० माणसांत ४ बायका आहेत. स्त्रियांविषयीच्या १९७९च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम १४ मध्ये ग्रामीण स्त्रियांना कर्ज आणि बाजाराच्या सोयी मिळाव्यात असं लिहिलंय. कर्जाच्या खिडकीशी ते कलम कुणी काढत नाही, ती गोष्ट वेगळी.

तू लिलावात उभं राहून बघ. रोख मोजणारी माल उचलून चालू लागते. जिच्याकडे रोकड नाही ती व्यापाऱ्याकडून उधार घेते. व्याज वेगळं दिसत नाही, भावातच मुरलेलं असतं. त्यात बर्फाची पेटी नसेल तर घाई माशाचीच: डोळा बसला, कल्ला फिका पडला, की गिऱ्हाईक हात मागे घेतं आणि ती मिळेल त्या भावाला देऊन टाकते.

वाळवणाचंही तसंच. मासा वाळूवर पसरण्यापेक्षा उंच ताटीवर घातला तर खालून वारा लागतो, लवकर वाळतो, रेती चिकटत नाही. हे तिला कुणी शिकवायची गरज नाही. किनाऱ्यावरची जागा तिची नाही, उद्या उठवतील, म्हणून ती ताटी बांधत नाही.

कर्जाचा हप्ता दरमहा नको, हंगामाप्रमाणे हवा. हे तुला माहीत असेलच.

आणखी एक. मीही एकदा बायकांच्या नावावर दिलेल्या होड्या मोजून खूश झालो होतो. त्यातली एक पुढे विकली गेली, आणि जिच्या नावावर होती तिला ते शेजारणीकडून कळलं. तेव्हापासून मी 'नावावर कुणाच्या' याच्या पाठोपाठ 'विकायची झाली तर कुणाला विचारावं लागेल' असं विचारतो.

प्रश्नावली सुधारून पाठव. पण आधी दोन-तीन पहाटे लिलावाला जाऊन ये, वही न नेता.

तुझा,
सर