जुन्या ट्रकचा एसी : आणखी एक कॅन मारण्याआधी

तुमचा ट्रक १९९३चा, मागच्या हंगामात गॅस भरलेला, आणि आता कॉम्प्रेसरचा क्लच (त्याला इंजिनच्या पट्ट्याशी जोडणारा-सोडणारा) दर काही सेकंदांनी टक्-टक् करत लागतो-सुटतो, वारा जेमतेम गार. आणखी एक कॅन मारू का, असं विचारलंय. एवढ्यात नको.

एसीचा गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. जुन्या रबरी होजमधून थोडाफार झिरपतो, ते चालायचंच. पण वर्षभरात कूलिंग बसलं म्हणजे गळती डोळ्यांना सापडेल एवढी आहे. गॅसबरोबर ऑइलही बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते, त्यामुळे गळतीच्या जागी काळपट, चिकट डाग दिसतो. जोड, कंडेन्सरचे (रेडिएटरसमोरच्या एसीच्या जाळीचे) कोपरे, कॉम्प्रेसरचं पोट टॉर्च घेऊन बघा. क्लचच्या मागे ओलं असेल आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला त्याच रेषेत ऑइलचे शिंतोडे उडाले असतील, तर शाफ्ट सील, म्हणजे कॉम्प्रेसरच्या दांड्याभोवतीचं सील, गेलं. चार्जिंग पोर्टची टोपी काढून आतल्या व्हाल्व्हवर साबणाचं पाणी टाका. बुडबुडा हळूहळू फुगला तर गळती त्या छोट्या व्हाल्व्हचीच, फारच स्वस्तात सुटलात. काहीच सापडलं नाही तर यूव्ही डाय, म्हणजे गॅसबरोबर आत घालायचा आणि गळतीच्या जागी यूव्ही दिव्याखाली चमकणारा रंग. लीक-स्टॉपच्या (गळती आतून बुजवणाऱ्या) बाटल्यांपासून मात्र लांब राहा, त्या पुढे व्हाल्व्ह आणि गॅस काढायचं मशीन दोन्ही तुंबवतात.

ती टक्-टक् बहुधा गॅस कमी असल्याचीच. लो साइडचा (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसच्या बाजूचा) दाब झटकन पडतो, प्रेशर स्विच क्लच सोडतो, दाब चढला की पुन्हा धरतो. स्विच डायरेक्ट करून कॉम्प्रेसर सलग पळवू नका. ऑइल फिरवतो तो गॅसच. तो नसेल तर कॉम्प्रेसर कोरडा घासून जाम होतो.

९३ म्हणजे जुन्या आर-१२ गॅसवरून आर-१३४ए गॅसकडे जाण्याचा काळ, म्हणून आधी बॉनेटखालचं एसीचं लेबल बघा. मुळात आर-१२ असेल तर त्यात मिनरल ऑइल असतं आणि ते आर-१३४ए बरोबर नीट फिरत नाही. बदल करताना जुनं ऑइल काढून एस्टर किंवा पीएजी ही सिंथेटिक ऑइल घालावी लागतात, ड्रायर (ओलावा शोषणारा डबा) नवा लागतो, आणि गॅस मूळ वजनाच्या साधारण ८० ते ८५ टक्केच. कुणी नुसती फिटिंग बदलून वरून गॅस मारला असेल, तर अर्धं दुखणं तिथेच आहे.

आता दाब मोजायचं गेज, तेही दोन्ही बाजूंचं: लो साइड आणि हाय साइड (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसची बाजू). एकट्या लो साइडच्या काट्यावर गॅस भरणं म्हणजे अंदाजपंचे. इंजिन थंड आणि बंद असताना ३० अंशांना आर-१३४एचे दोन्ही काटे ९५ पीएसआयच्या आसपास दिसतात. पण आत थोडा जरी द्रव उरला असला तरी आकडा तोच येतो, तेव्हा बंद गाडीवर 'प्रेशर ओके' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. इंजिन १५०० आरपीएमला, ब्लोअर फुल, दारं उघडी ठेवून बघा. लो २५ ते ४५ आणि हाय २०० ते २५० पीएसआय असेल तर ठीक. दोन्ही खाली: गॅस कमी. लो चढा आणि हाय पडलेला: कॉम्प्रेसर झिजला. लो व्हॅक्यूमकडे चालला: एक्स्पान्शन व्हाल्व्ह (गॅसचा दाब उतरवणारं बारीक तोंड) चोक, किंवा ओलावा तिथे गोठतोय. दोन्ही चढे: गॅस जास्त, आत हवा, नाहीतर कंडेन्सरला वारा नाही. हे शेवटचं जुन्या ट्रकमध्ये हमखास. गाडी पळताना गार आणि उभी राहिली की गरम, असं असेल तर गॅसला हात लावू नका; फॅनचा व्हिस्कस क्लच (गरम झाल्यावर फॅनला इंजिनशी घट्ट जोडणारा) तपासा, कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधला चिखल धुवा.

गळती काढली की उरलेला गॅस हवेत न सोडता मशीनने काढून घ्या, ओ-रिंग बदला आणि किमान अर्धा-पाऊण तास पंपाने व्हॅक्यूम करा. मग पंप बंद करून थांबा. काटा सरकला तर गळती अजून आहे, भरू नका. भरताना लो साइडने, वजन करून, कॅन उभा धरून, चष्मा-हातमोजे घालून. कॅन उलटा धरला तर द्रव कॉम्प्रेसरमध्ये जाऊन व्हाल्व्ह फुटतात. आणि इंजिन चालू असताना हाय साइडचा नॉब अजिबात उघडायचा नाही. दाब उलटा कॅनमध्ये शिरतो आणि कॅन हातात फुटू शकतो.

दोन्ही काट्यांचे आकडे, बाहेरचं तापमान आणि लेबलवर कुठला गॅस आहे ते कळवा, मग पुढचं बोलू.